मार्गदर्शन योजना कागदावर सुखरूप कशी ठेवावी

वैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण अध्यापकांसाठी मार्गदर्शन आणि करिअर-विकास योजना सुरू करण्याची ऑर्डर तुमच्या नावाने निघाली असेल, तर आधी अभिनंदन. अंगावरची तीन-चार कामं तशीच ठेवून हे पाचवं तुमच्या गळ्यात घातलंय, त्यावरून वरच्या मंडळींना या योजनेची किती तळमळ आहे ते तुम्हाला कळलंच असेल. घाबरू नका. ती खरोखर चालू लागणार नाही एवढीच काळजी घ्यायची आहे. कुठल्या जागा आवळून धरायच्या ते एकदा समजलं की पुढची काही वर्षं बिनघोर जातात.

सगळ्यात महत्त्वाची जागा वेळेची. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची के०८ आणि के२३ ही तरुण चिकित्सक-संशोधकांसाठीची अनुदानं आहेत. ज्याला ती मिळतात त्याचा किमान ७५ टक्के वेळ, म्हणजे वर्षातले ९ महिने, संशोधनासाठी आणि संशोधन शिकण्यासाठी राखून ठेवावा लागतो. काही शस्त्रक्रिया शाखांना ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, पण वेळ राखतो असं संस्थेला लेखी द्यावंच लागतं. असल्या गोष्टी वाचाव्यात, समितीपुढे बोलू नयेत. तुमच्या परिपत्रकात फक्त ‘आपले नियमित काम सांभाळून’ हे चार शब्द घाला. मग बाकीचं परिपत्रक कितीही उदार असू द्या, काही बिघडत नाही. कुणी आठवड्यातला अर्धा दिवस मागितलाच, तर ‘तत्त्वतः मान्य’ असा शेरा मारा. अर्धा दिवस खरोखर द्यायचा म्हणजे त्या वेळची ओपीडी कुणी बघायची, पीजींचा (पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा) राऊंड कुणी घ्यायचा, प्रॅक्टिकलची बॅच कुणाकडे द्यायची हे ठरवून ड्यूटी चार्ट नव्याने लिहावा लागतो आणि त्यावर विभागप्रमुखाची सही लागते. तत्त्वाला ड्यूटी चार्ट नसतो.

भेटीची वेळही विचारपूर्वक निवडा. मेंटॉरच्या, म्हणजे मार्गदर्शकाच्या, युनिटचा इमर्जन्सीचा दिवस सर्वांत चांगला. दुपारी दोनची भेट, मेंटॉर दोन चाळीसला येणार. ‘हं, बोल, काय चाललंय?’ म्हणेपर्यंत वॉर्डातून इंटर्नचा फोन: सर, पोटॅशियम सहा पॉइंट आठ आलंय. आता त्या जिवावरच्या पोटॅशियमपुढे कुणाचंही करिअर मोठं नाही, आणि मेंटी, म्हणजे मार्गदर्शन घेणारा, स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्यालाही ते पटतं. गंमत हीच आहे. इतर व्यवसायांत भेट टाळायला सबब शोधावी लागते. इथे ती दर अर्ध्या तासाला आपण होऊन येते, आणि ती खरी असते. भेट ‘मला मेसेज टाक’वर संपते आणि रजिस्टरमध्ये ‘भेट क्र. २, सकारात्मक चर्चा’ अशी नोंद होते.

जोड्या लावणं हे त्यामानाने सोपं काम. आद्याक्षरांप्रमाणे लावा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक सहाय्यक प्राध्यापकाला त्याचाच विभागप्रमुख मेंटॉर म्हणून द्या. जो वार्षिक मूल्यमापन लिहितो, रजा मंजूर करतो आणि ड्यूटी लावतो, त्याच्याजवळच मन मोकळं करायचं आहे असं सांगितलं की कुणी मन मोकळं करत नाही, आणि गोपनीयतेचा प्रश्नच मिटतो. एखादीला वाटत असतं की आपल्याला संशोधनापेक्षा शिक्षणशास्त्रात जास्त रस आहे, किंवा विभागातला डेटा आपल्याला हातच लावू देत नाहीत. हे ती कुणाला सांगणार? ज्याच्या कपाटाला त्या डेटाचं कुलूप आहे त्याला?

प्रत्येक मेंटॉरला १४ मेंटी द्या. तीन-चार दिले तर तो त्यांची नावं लक्षात ठेवील, आणि मग त्यांचं काय झालं अशी विचारणा सुरू होईल. संशोधनाला एक, अध्यापनाला दुसरा आणि बाहेरच्या विभागातला एक निव्वळ करिअरविषयी बोलायला, अशी मार्गदर्शकांची टीम देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यात एकाने मेंटीला कोंडीत पकडलं तर दुसऱ्याचं दार उघडं राहतं, म्हणून ती तुमच्या कामाची नाही. आणि मेंटॉरला या कामाचं श्रेय कुठेही मिळू देऊ नका. बढतीच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नसला म्हणजे काम भागलं.

मेंटॉरची भरती कुणातून करावी, हा प्रश्न विनीत चोप्रा, डेना एडेलसन आणि संजय सेंट यांनी २०१६ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकामध्ये तुमच्यासाठी सोडवून ठेवलाय. त्यांनी मेंटॉरच्या गैरवर्तनाचे सहा नमुने सांगितले, सावध राहावं म्हणून. तुम्ही त्याच यादीतून निवड करा. मेंटीची कल्पना स्वतःच्या नावावर करणारा, मेंटीला आपल्या कामाला जुंपणारा आणि त्याला दुसऱ्या कुणाकडे फिरकू न देणारा, हे तिघे उघडपणे त्रास देतात. कामं अडवून ठेवणारा, वाईटपणा नको म्हणून मेंटीच्या बाजूने कधीच न बोलणारा आणि कायम परिषदांच्या दौऱ्यावर असणारा, हे तिघे काहीच न करता तेवढंच नुकसान करतात. माझं मत विचाराल तर दुसऱ्या गटातले घ्या. पहिल्या गटाविरुद्ध कधीतरी तक्रार येते. दुसऱ्या गटातली माणसं स्वभावाने इतकी गोड असतात की तक्रार करणाऱ्यालाच अपराधी वाटतं.

अडवून ठेवणाऱ्याचं तंत्र जवळून पाहण्यासारखं आहे. मेंटी शोधनिबंधाचा मसुदा पाठवते. ‘छान, वीकेंडला बघतो’ असं लगेच उत्तर येतं. कुठला वीकेंड ते लिहिलेलं नसतं. दोन महिन्यांनी ती भीत भीत आठवण करते, तेव्हा मसुदा परत येतो: पहिल्या दीड पानावर स्वल्पविराम बदललेले, पुढे कोरं, आणि शेवटी एक सूचना, ‘मधुमेही रुग्णांचं वेगळं विश्लेषण घाल’. तेवढ्यासाठी पुन्हा केसपेपर काढायचे. एथिक्स कमिटीला कळवलेल्या प्रोटोकॉलमध्ये ते विश्लेषण नव्हतं, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज करायचा, आणि कमिटीची बैठक नुकतीच होऊन गेलेली. विश्लेषण होईपर्यंत डेटा जुना होतो, आणि गेल्या वर्षाचे रुग्ण यात का नाहीत असं जर्नलचे परीक्षक विचारणार हे उघड असतं. मसुदा पुन्हा मेंटॉरकडे जातो. ‘छान, वीकेंडला बघतो.’ कुणी कुणावर आवाज चढवला नाही, कुणी नकार दिला नाही, आणि बढतीची तारीख निघून गेली. कामाची वाटणी, दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर काय करायचं आणि पहिला लेखक कोण, हे सगळं एका पानावर पहिल्याच भेटीत लिहून सह्या करण्याची प्रथा काही संस्थांत आहे. ती आपल्याकडे आणू नका. ‘आमच्यात असलं काही लागत नाही, आम्ही एका कुटुंबासारखे आहोत’ असं म्हणा.

लेखकांच्या नावांबद्दल कुणी आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, निकष काढलेच, तर ते चार आहेत आणि चारही एकदम पूर्ण व्हावे लागतात: संकल्पना, डेटा किंवा विश्लेषणात भरीव वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा; अंतिम मजकुराला मान्यता; आणि सगळ्या कामाची जबाबदारी. यातला जबाबदारीचा निकष २०१३ मध्ये आला. विभागप्रमुख असणं हा पाचवा निकष त्यांनी अजून छापलेला नाही, पण तो सगळ्यांना पाठ आहे.

आता फॉर्म. वैयक्तिक विकास आराखडा नावाचा हा फॉर्म किमान नऊ पानी हवा आणि त्यात ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ हा प्रश्न हवाच. खरा उपयोगी आराखडा एका पानाचा असतो: या वर्षीची दोन उद्दिष्टं, प्रत्येकाला तारीख, कुणाची मदत किंवा सही लागेल त्याचं नाव, आणि हे करायला सध्याच्या कामातलं काय सोडणार. शेवटचा रकाना धोक्याचा आहे, तो आधी खोडा. तो ठेवलात तर कुणीतरी ‘ग्रंथालय समिती’ लिहील आणि मेंटॉरला त्या समितीशी बोलावं लागेल. बढतीचे निकष या फॉर्मला जोडू नका. बढती समितीत बसलेल्या माणसाला बोलावून कशाला किती वजन मिळतं हे विचारू नका. सिम्युलेशनचा उत्तम कोर्स उभा करण्यात तीन वर्षं घातलेल्या अध्यापकाला, ते काम ‘शोधनिबंध’ या रकान्यात बसत नाही हे मुलाखतीच्या दिवशीच कळू द्या.

कार्यशाळा भरपूर घ्या. कार्यशाळेत एक सोय आहे: ती संपते. वेळेच्या नियोजनावरची सुट्टीच्या दिवशी, पूर्ण दिवसाची ठेवा. अनुदानाचे प्रस्ताव कसे लिहावेत यावर व्याख्यान ठेवा, पण कुणाला स्वतःचा मसुदा आणायला सांगू नका. प्रस्ताव लिहायला माणूस शिकतो तो उद्दिष्टांचं एक पान चार अनुभवी लोकांपुढे टाकून, त्यांनी त्याच्या चिंध्या केल्यावर, तेच पान पुन्हा लिहून. याला सभागृह लागत नाही, फोटो चांगले येत नाहीत, आणि पाहुण्यांना आधी वाचून यावं लागतं. वैद्यकीय अध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या फायमर या संस्थेच्या फेलोशिपमध्ये प्रत्येकाला आपापल्या संस्थेत एक प्रत्यक्ष प्रकल्प राबवावा लागतो आणि मधल्या काळात दुरूनही मार्गदर्शन चालू राहतं. तुमच्याकडे असं कुणी शिकून आलं असेल तर त्याला प्रमाणपत्रांवर नावं लिहायचं काम द्या.

तरुण अध्यापकांना आपापसांत बसू देऊ नका, हे विसरू नका. बरोबरीच्यांनी एकमेकांना मार्गदर्शन करण्याचे प्रयोग झालेले आहेत आणि त्यात सहा-आठ जण नियमित भेटले की एक अनिष्ट परिणाम दिसतो. ते एकमेकांचे ड्यूटी चार्ट ताडून पाहतात. मग प्रत्येकाला आजवर जो स्वतःचा आळस वाटत होता, तो सगळ्यांना एकाच वेळी, एकाच विभागात जडलेला आढळतो.

स्त्री अध्यापकांसाठी वेगळं काही करायचं असेल तर सल्ला द्या, तो फुकट असतो. सल्ला देणं आणि नाव पुढे करणं यांतला फरक मात्र कुणाच्या ध्यानात येऊ देऊ नका. परिषदेत वक्ता कोण, संपादक मंडळावर कोण, पुढच्या मोठ्या अनुदानात सहसंशोधक कोण, हे बंद खोलीत ठरतं. तिथे जो तिचं नाव घेतो त्याच्यामुळे करिअर हलतं. तुमच्या मेंटॉरने तिला आत्मविश्वास वाढवायला सांगावं. रॅगिंगविरोधी, वसतिगृह, स्नेहसंमेलन आणि विद्यार्थी समुपदेशन या समित्यांवर तिचं नाव पुढे करायला हरकत नाही. ‘तू हे किती नीट करतेस’ असं म्हटलं की पुरतं. बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर, अडलेला अभ्यास पुन्हा सुरू करायला संशोधन सहायक देण्याऐवजी तिला मानसिक कणखरतेच्या कार्यशाळेला बसवा.

जोडी जमली नाही तर? कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं की अशा नात्याला चार टप्पे असतात आणि वेगळं होणं हा त्यातला एक आहे. म्हणजे ते अपयश नाही. चांगल्या योजनांत सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं विचारतात, आणि कारण न देता जोडी बदलता येते. तुम्ही जोडी बदलण्यासाठी अर्ज मागवा, कारणासह, विद्यमान मेंटॉरमार्फत.

मूल्यमापनाला डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्या वापरतात: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, संस्थेत काही फरक पडला का. पहिल्या पायरीवर मुक्काम करा. ‘आजचा कार्यक्रम कसा वाटला?’ हा फॉर्म प्रमाणपत्र देण्याआधी भरून घेतला की सगळे ‘उत्कृष्ट’वर खूण करतात. किती जणांना वेळेत बढती मिळाली, किती जण नोकरी सोडून गेले, मसुदा ते प्रकाशन किती महिने लागले, हे मोजू नका. आणि मोजायचंच ठरलं तर योजनेआधीचे आकडे नक्की गोळा करू नका, म्हणजे तुलनाच होणार नाही. २००६ मध्ये ‘जामा’त आलेल्या आढाव्यात काही शाखांमधल्या २० टक्क्यांहून कमी अध्यापकांना मेंटॉर होता असं आढळलं. ते वाक्य तुमच्या पहिल्या स्लाइडवर टाका. तुमच्याकडचा आकडा कुणी विचारणार नाही.

इतकं करूनही एखादी निसटतेच. तिला दुसऱ्या विभागातले निवृत्तीला आलेले कुणीतरी सर कॉरिडॉरमध्ये भेटतात, तिचा मसुदा चार दिवसांत लाल शाईने भरून परत देतात, जर्नल सुचवतात, एका परिषदेत तिचं नाव सांगतात. निबंध छापून येतो. दचकू नका. वार्षिक अहवालात ‘योजनेची फलनिष्पत्ती’ या मथळ्याखाली तो पहिल्या क्रमांकावर घाला आणि नेमलेल्या मेंटॉरचं नाव पुढे कंसात लिहा. ती विचारायला आली तर ‘अगं, यात तुझंच नाव होतंय’ असं म्हणा, आणि पुढच्या वर्षीच्या मेंटॉरांच्या यादीत तिला घेऊन टाका. मेंटी १४.