गल्ल्यावर बसणाऱ्या दादांना उत्तर

"ताई, एकदा गल्ल्यावर बसून बघा. लग्नात नेसून झालेल्या साड्या परत आणतात लोक, आणि तुम्ही त्यांना हक्क हक्क करून अजून चढवताय." दादा, फाटका माल परत न घेणाऱ्या दुकानावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची ही कमेंट पूर्ण चुकीची नाहीये म्हणून तर एवढं लांबलचक लिहितेय. नाशिकच्या दहीपुलावर कपड्याचं दुकान चालवणं काय असतं ते मला खरंच माहीत नाही.

आधी माझी चूक. त्या पोस्टला मी हेडिंग दिलं होतं 'दुकानदाराला माल परत घ्यावाच लागतो', ते सरसकट म्हणणं चूकच. रंग नाही आवडला, नणंदेने सेम पीस घेतला, घरी आल्यावर मन बदललं, असल्या कारणांवर दुकानातून पैसे परत मागायचा हक्क कायद्यात नाहीये. तुम्ही बदलून देता तो तुमचा चांगुलपणा, आणि त्याला तीन दिवसांत आणा, टॅग काढू नका अशा अटी घालायला तुम्ही मोकळे आहात. ऑनलाइन कंपन्या सात-दहा दिवसांत काही न विचारता परत घेतात ना, ती त्यांची पॉलिसी आहे, पण लोकांना आता तोच कायदा वाटायला लागलाय.

आणि साडीचं म्हणाल तर आमच्याच मावशीने हळदीला नेसलेली साडी "पदर आखूड आहे हो" म्हणत परत न्यायचा प्रयत्न केलेला, काउंटरवर उलगडली तर निऱ्यांत पिवळा डाग, मी शेजारी उभी, कुठे तोंड लपवू असं झालेलं.

पण दादा, माझा किस्सा तसला नव्हता. मेन रोडच्या एका दुकानातून (नाव तेव्हाही लिहिलं नव्हतं) वहिनीसाठी ड्रेस मटेरियल घेतलं, घरी घडी मोडली तर ओढणी मधोमध बोटभर फाटलेली. दुसऱ्या दिवशी गेले तर मालकांनी तोंडाने काही न बोलता नुसतं पाटीकडे बोट दाखवलं, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही', आणि फारच वाद घातला तेव्हा म्हणे क्रेडिट नोट घ्या, म्हणजे पैसे नाहीत, तेवढ्या रकमेचं त्याच दुकानातून दुसरं काही घ्या. अहो, मला ते नकोसं नव्हतं झालं, मला ते धड हवं होतं!

इथे मी मागे हटणार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० पासून लागू झाला, तो स्पष्ट म्हणतो की सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत. फाटक्या ओढणीपुढे ती पाटी चालत नाही, मग ती कितीही मोठ्या अक्षरात रंगवा. तुमची पाटी आणि माझं हेडिंग, दोघांनी एकच घोळ केलाय बघा, नको असलेला माल आणि खराब माल एकाच पिशवीत कोंबलाय.

पोस्टमधल्या बिलाच्या मुद्द्याला उत्तर देणं मात्र तुम्ही शिताफीने टाळलंत. "पक्कं बिल हवं तर जीएसटी लागेल" हे नाशिकमध्ये मी एकदा नाही, दहादा ऐकलंय, आणि बिल न देणं हेही त्याच कायद्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलंय. हातात कच्ची चिठ्ठी असली की गिऱ्हाईक भांडणार कशाच्या जोरावर?

राहिलं १९१५ नंबरचं, ज्याला तुम्ही 'धमकी' म्हणालात. ती ग्राहकांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथून तक्रार दुकानदाराकडे किंवा कंपनीकडे जाते आणि मिटवायचा प्रयत्न होतो, कुणी लगेच दंडाची पावती फाडत नाही. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मी गेले नव्हते, चारशे रुपयांच्या ओढणीसाठी कोण जाणार, आणि हे त्या मालकांनाही पक्कं ठाऊक होतं.

हेडिंग आज रात्री बदलते, खाली 'वाचकाने चूक दाखवली' असंही लिहिते. पाटीत 'खराब माल सोडून' एवढे तीन शब्द घालायचं तुम्ही बघा.