‘हौस’ म्हणणाऱ्या घाटवाल्यांना

घाटवाले,

खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, प्रतिक्रियेवर नुसतं ‘घाटवाला’ आहे, म्हणून याच नावानं हाक मारतो. मागे जड पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, घालून पिकअपची उंची वाढवण्यावरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री पावणेबाराला तुम्ही जे लिहिलंत, ते आधी जसंच्या तसं देतो. मी सोयीचं तेवढंच उचललं, असं उद्या म्हणायला नको.

“काका, लेख झकास रंगवलाय. पण गाडी उंच करणं ही हौस आहे, गरज नव्हे, उगाच शेतीचं नाव पुढे करू नका. स्पेसर टाकले असते तर उरलेल्या पैशांत चार मोठे टायर आले असते. दोन इंची लांब शॅकलनं गाडी दोन इंच उठते हे तर साफ चूक. मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हबद्दल एक अक्षर नाही, आरटीओबद्दल नाही, आणि जड पाट्यांवर रिकामी गाडी ओल्या घाटात कशी नाचते त्याबद्दलही नाही. लोक वाचून तसंच करतात. घरात बसून लिहिणं सोपं असतं.”

‘काका’वर माझा राग नाही. बेळगावात बसचा कंडक्टरसुद्धा काका म्हणतो, आणि सत्तेचाळिसावं लागल्यावर त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. पण सुरुवातीला काका आणि शेवटी ‘घरात बसून’, म्हणजे येताना पाया पडायचं आणि जाताना चप्पल घेऊन जायचं. एवढं बोलायचं होतं तर ‘काका’ तरी कशाला?

जिथे चुकलो तिथे चुकलो म्हणतो. शॅकलचं तुमचं बरोबर आहे. पाट्याचं पुढचं टोक चेसिसला एका जागी पक्कं असतं, मागचं शॅकलवर, म्हणजे चेसिसला लटकणाऱ्या लोखंडी जोडपट्टीवर, झुलतं आणि अ‍ॅक्सल साधारण मधे बसलेला असतो. मागचं टोक दोन इंच खाली ढकललं, तर अ‍ॅक्सलपाशी त्यातला निम्माच, म्हणजे एक इंच मिळतो. हे मला माहीत होतं, लिहिताना घाईत निसटलं. झालं समाधान?

आता ‘हौस’.

माझे वडील मेटाडोर चालवायचे. खानापूरच्या भट्टीवरून विटा आणि कौलं भरायची आणि जांबोटीच्या बाजूला उतरवायची, हा त्यांचा रोजचा धंदा. १९८९ च्या पावसाळ्यात, मी सातवीत असताना, शाळेला दांडी मारून त्यांच्याबरोबर गेलो होतो. जांबोटीच्या अलीकडे एका खड्ड्यात मागून ‘टण्’ असा आवाज आला. नारळ फोडल्यासारखा नव्हे, घणाचा घाव ऐरणीवर चुकून पडावा तसा. गाडी डावीकडे कलली. अर्ध्या विटा रस्त्याकडेला उतरवल्या, वर ताडपत्री टाकली, आणि वडील छत्री माझ्या हातात देऊन चिखलात आडवे झाले. मुख्य पाटा बरोबर मधल्या बोल्टच्या भोकापाशी तुटला होता. तुकडा बाहेर काढून त्यांनी मला दाखवला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजलेला, आणि अर्धा नव्या रुपयासारखा चकचकीत. “हा काळा भाग कधीचा तुटलाय,” ते म्हणाले, “आज फक्त उरलेला गेला.” ती चीर किती महिने आत चालली होती कोणास ठाऊक, आणि तोवर त्या गाडीवर आम्ही रोज विटा लादत होतो.

हे एवढं लांबण लावून का सांगतोय? कारण ‘हौस’ हा शब्द लिहायला तुम्हाला दोन सेकंद लागले असतील, आणि ज्या घरात तुटलेल्या पाट्यापायी तीन दिवस धंदा बंद राहिला, त्या घरातल्या माणसाला तो तुम्ही लिहिलात. पाट्याचं लाड करण्याचं वय माझं तेव्हाच संपलं.

आणि आजचीही गरज सांगतो. कणकुंबीच्या अलीकडे आमची साडेतीन एकर काजूची बाग आहे. मलप्रभा उगम पावते त्या भागातला पाऊस तुम्हाला माहीत असेल असं धरतो, घाटवाला नाव घेतलंय म्हणून. डांबर सुटल्यावर शेवटचे चार किलोमीटर जांभ्याचा रस्ता. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या खोदलेल्या आणि मधे गवताचा वरंबा. जुलैमध्ये चाकोरीत पाणी भरलं की खोली दिसत नाही, आणि वरंब्यावर गाडीचं पोट घासतं. माझी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप २०१७ ची, जुनी घेतलेली. पुढे डबल विशबोनवर (वर-खाली अशा दोन आर्मवर) कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. त्या गाडीच्या हौद्यावर लोखंडी जाळीचा सांगाडा आहे, अवजारांची पेटी आहे, दुसरं स्पेअर चाक आहे. हे वजन उतरत नाही, बारा महिने तिथेच.

ते वजन मी अंदाजानं धरलं नाही. वजनकाट्यावर गेलो, पुढची चाकं काट्याच्या बाहेर ठेवली आणि फक्त मागच्या अ‍ॅक्सलचं वजन घेतलं. मग सगळं उतरवून पुन्हा घेतलं. फरक १८० किलोचा. काट्यावरचा पोरगा म्हणाला, ऊस कुठाय? दोन्ही वेळेला चाकाच्या मधोमध टेप लावून मडगार्डच्या कडेपर्यंत मापही घेतलं. नुसत्या त्या सामानानं गाडी मागून चार सेंटीमीटर बसलेली होती. खताची पोती आणि कुंपणाचे सिमेंटचे खांब अजून चढायचेच होते. हे टेपचं माप लेखात दिलंय. वाचलं नसावं.

बेळगावच्या उद्यमबागेतला मिस्त्री मला पहिल्या दिवशी म्हणाला होता, “किती इंच पायजे ते नंतर सांगा. लोड काय घालतायसा ते आधी सांगा की.” लेखाचा गाभा तेवढाच होता. ऑस्ट्रेलियातल्या सस्पेन्शन कंपन्यासुद्धा एकाच गाडीसाठी हलके, मध्यम आणि कायमच्या वजनाचे वेगवेगळे पाटे ठेवतात ते याचसाठी. उंची ही त्या निवडीबरोबर येते. माझी मागून ४५ मिलिमीटर उठली. पन्नास हवी होती, पण भांडलो नाही.

स्पेसरबद्दल मला शिकवू नका. तुम्ही म्हणता तो उद्योग मी याच गाडीवर करून बसलोय. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर इंचभर जाडीची चकती, म्हणजे स्पेसर, घातली की चाकापाशी जवळजवळ दोन इंच मिळतात, कारण शॉकअप खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतो, टोकाला नाही. स्वस्त आहे, खरंय. पण स्प्रिंग तीच, शॉकअप तोच. वजन पडल्यावर गाडी जेवढी बसायची तेवढीच बसते, फक्त वरून बसते. शिवाय चाक खड्ड्यात लोंबकळलं की ते मूळच्यापेक्षा खाली जातं आणि बॉलजॉइंटचा, अ‍ॅक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो. आठ महिन्यांनी पुढचं उजवं चाक काढलं, तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसची काळी रांगोळी पडलेली. जॉइंटचा रबरी बूट फाटून माती आत गेली होती. स्टिअरिंगही हायवेवर सरळ धरत नव्हतं, कॅस्टर, म्हणजे चाक सरळ धरून ठेवणारा मागचा कल, कमी झालेला. अलाइनमेंटवाल्यानं जेवढा ओढता येतो तेवढा ओढून दिला आणि पुढे हात जोडले.

आणि पाटे बसवतानाची एक गोष्ट, जी तुमच्या प्रतिक्रियेत नाही, म्हणजे बहुधा तुम्हालाही ठाऊक नसावी. एका गॅरेजमध्ये (नाव घेत नाही) गाडी जॅकवर, चाकं अधांतरी असतानाच पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या भोकातले) आणि शॅकलचे बोल्ट शेवटपर्यंत आवळले. खाली उतरवल्यावर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकले. तीन महिने मागून दार करकरावं तसा आवाज, मग बुश फाटले. गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावरच ते बोल्ट पूर्ण आवळायचे असतात, आणि पाचेकशे किलोमीटरनंतर पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा बघायचे असतात. हे ‘घरात बसून’ कळत नाही, साहेब. हे गाडीखाली झोपून, तोंडात माती जाऊन कळतं.

टायरचं म्हणाल तर मागच्या डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून उठतो तो फक्त मोठ्या टायरनं, पाट्यांनी नाही, कारण तो अ‍ॅक्सलवरच आहे. हे काय मला माहीत नाही? तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

व्हॉल्व्ह. काही पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलला एका दांडीनं जोडलेला व्हॉल्व्ह असतो. हौद्यात वजन पडून चेसिस खाली आली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उंच केली की त्याला हौदा रिकामाच वाटतो आणि भरल्या गाडीतही तो मागचा दाब कमी ठेवतो. दांडीचं अ‍ॅक्सलकडचं टोक तेवढंच वर घ्यावं लागतं. एवढंच. माझा लेख स्प्रिंगांवर होता, ब्रेकवर नव्हता. स्वयंपाकाच्या लेखात गॅसच्या नळीची मुदत का नाही लिहिली, असं तुम्ही विचारत असाल तर विचारा.

आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांवरचं कलम ५२ मलाही वाचता येतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं काय म्हटलं तेही ठाऊक आहे: आरसीवरचा तपशील कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. आता दोन इंचाचे पाटे त्यात बसतात की नाही, यावर तुम्ही आणि मी इथे वाद घालून निकाल लागणार नाही. पण कायद्याची एवढी चाड असणाऱ्या माणसाच्या प्रोफाइलच्या फोटोत गाडीच्या नाकावर हा भलामोठा लोखंडी क्रॅश गार्ड कसा? केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून ते गार्ड बंद करायला सांगितलंय. नंबर प्लेट पुसलेली आहे, पण सुरुवातीचं ‘केए २३’ राहिलंय. चिकोडीवाल्यांनी बेळगाववाल्यांना कायदा शिकवावा, चांगली गोष्ट आहे.

राहता राहिलं रिकामी गाडी ओल्या घाटात नाचते ते. जड पाट्यांना वजन नसलं की ते वाकत नाहीत, चाक रस्त्यावर उड्या मारतं, मान्य. म्हणून तर मी हळू चालवतो. चोर्ला घाटाच्या उतारावर मागच्या सप्टेंबरात एकदा मागची बाजू हातभर सरकली होती, पण तिथे कुणाचं तरी डिझेल सांडलं होतं. हा, त्या दिवशी सांगाडा रंगवायला दिला होता आणि पेटीही घरी होती, म्हणजे हौदा पूर्ण रिकामा. बायको शेजारी होती. ती बेळगाव येईपर्यंत बोलली नाही, आणि घरी आल्यावर जे बोलली ते तुमच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. पण तिनं ते तोंडावर सांगितलं, आणि ‘काका’ म्हटलं नाही.

तेव्हापासून हौदा रिकामा असला की वाळूची दोन पोती टाकतो. तेही लेखात लिहिलं नव्हतं. आता लिहीन, तुमच्या सांगण्यावरून नव्हे.

तुमच्या आणखी दोन प्रतिक्रिया आल्यात. त्यातली एक मी मंजूर केलेली नाही. त्यात माझ्या वडिलांच्या पिढीबद्दल जे आहे ते तुम्ही दिवसाउजेडी पुन्हा वाचा आणि मग ठरवा, छापायची का. दुसरीत तुम्ही ‘फोटो टाका, माप दाखवा’ म्हणता. टाकतो. टेप दिसेल असा, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत, डावी-उजवी दोन्ही बाजू. उजवी बाजू सहा मिलिमीटर खाली आहे, चालवणाऱ्या काकामुळे. त्यावरून नवीन प्रतिक्रिया लिहू नका.

शॅकलचं वाक्य लेखात दुरुस्त केलंय. दुरुस्ती कुणी सुचवली ते कंसात लिहिणार होतो, पण ‘घाटवाला’ लिहून कुणाला काय कळणार.