‘बहुसंख्यांना हवी, मग हरकत कसली?’ : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

माझ्या गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर देणं बरं वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही तीस वर्षं शिक्षक आणि मुख्याध्यापक होतात, रोज परिपाठात प्रार्थना घेतलीत, त्यात कुणाचं वाईट झालं नाही. अमेरिकेतही निम्म्याहून जास्त लोकांना शाळेत प्रार्थना हवी असताना न्यायालयाने ती काढून टाकली, हा लोकमताचा अपमान आहे. आणि माझ्यासारखी माणसं परदेशी गेली की त्यांना आपल्याच संस्कारांची लाज वाटू लागते.

शेवटचं वाक्य लागलं. त्याकडे पुढे येते.

आधी माझी चूक. ‘अमेरिकेतल्या सरकारी शाळांत प्रार्थनेला बंदी आहे’ असं मी लिहिलं होतं. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत ते योग्यच केलंत. तशी बंदी कधीच नव्हती. मुलं पेपरच्या आधी डोळे मिटून देवाचं नाव घेतात, डबा उघडताना प्रार्थना म्हणतात. इथे टेक्सासात सप्टेंबरमध्ये एका सकाळी शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती हात धरून उभी राहिलेली मुलं मी दरवर्षी पाहते. त्यांना कुणी अडवत नाही, आणि अडवूही नये. मनाई आहे ती शाळेने प्रार्थना घेण्याला. माझं वाक्य मी दुरुस्त केलं आहे.

लोकमताबद्दलही तुम्ही खरंच लिहिलं आहे. गॅलप या लोकमत चाचण्या घेणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत वर्गात रोज प्रार्थना असावी म्हणणारे १९९९ मध्ये ७० टक्के होते, २०१४ मध्ये ६१. प्यू रिसर्च सेंटर या दुसऱ्या संस्थेच्या २०२३-२४ च्या मोठ्या पाहणीत प्रश्न अधिक नेमका होता: सरकारी शाळेतल्या शिक्षकांना येशूचं नाव असलेली प्रार्थना वर्गाकडून म्हणवून घेऊ द्यावी का? ५२ टक्के ‘हो’ म्हणाले, ४६ टक्के ‘नको’. मिसिसिपी राज्यात ‘हो’ म्हणणारे ८१ टक्के. कोणत्याही एका धर्माचा उल्लेख नसलेली, नुसती देवाची प्रार्थना म्हटल्यावर देशभरातला पाठिंबा ५७ टक्क्यांवर जातो.

प्रश्नातला एक शब्द बदलला की उत्तर हलतं, सर. माझ्या ओळखीतली कितीतरी मराठी कुटुंबं ‘शाळेत प्रार्थना असावी का?’ असं विचारलं तर पटकन हो म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर आपली शाळा, आपला परिपाठ येतो. ‘येशूच्या नावाने असावी का?’ म्हटलं की तीच माणसं थबकतात. मला वाटतं, प्रार्थनेला हो म्हणणारा प्रत्येक जण मनात स्वतःचीच प्रार्थना ऐकत असतो.

मग सगळ्यांना चालेल अशी एक प्रार्थना का लिहू नये? हा प्रयत्न झालेला आहे. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने १९५१ मध्ये अवघ्या २२ इंग्रजी शब्दांची प्रार्थना तयार केली. हे सर्वशक्तिमान देवा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत, आमच्यावर, आमच्या आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर कृपा कर, एवढाच तिचा आशय. येशू नाही, चर्च नाही. तरी लाँग आयलंडमधल्या काही पालकांनी हरकत घेतली. त्यात ज्यू होते, एक युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचा होता, एक कोणताच धर्म न मानणारा होता. म्हणजे सगळे देव नाकारणारे नव्हते. त्यांना धमक्यांचे फोन आले, शिव्यांची पत्रं आली. २५ जून १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं त्याचा सारांश असा की, लोकांसाठी प्रार्थना रचणं हे सरकारचं कामच नाही. स्वतः कॅथलिक असलेले राष्ट्राध्यक्ष केनेडी दोनच दिवसांनी पत्रकारांना म्हणाले की यावर उपाय सोपा आहे, आपण घरी अधिक प्रार्थना करू.

हा निकाल देवाच्या विरोधातला मला वाटत नाही. उलट, सगळ्यांना चालावी म्हणून काटछाट केलेली ती २२ शब्दांची प्रार्थना भाविकालाच जास्त खटकायला हवी. विठ्ठलाचं नाव काढून ‘हे शक्ती’ असं म्हणायला वारकऱ्याला सांगितलं तर त्याला काय वाटेल?

आता घरची गोष्ट. माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना शाळेच्या फुटबॉल संघात होता. सामन्याआधी प्रशिक्षक सगळ्या मुलांना रिंगणात घेत, एक गुडघा टेकायला लावत आणि येशूच्या नावाने प्रार्थना म्हणत. माणूस मनाने चांगला होता, मुलांवर जीव लावणारा होता. पण संघात कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार हे तोच ठरवायचा. मुलाने गुडघा टेकला, कारण सगळ्यांनी टेकला होता. घरी आल्यावर जेवताना त्याने विचारलं, “आई, मी काही चुकीचं केलं का?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. येशूबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा: तेरा वर्षांच्या मुलाला खेळ आणि श्रद्धा यांत निवड करायला लावली होती, आणि निवड आहे हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

२०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन शहरातल्या एका शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला. सामना संपल्यावर मैदानात त्याने केलेली प्रार्थना वैयक्तिक होती, असं बहुमताने मानलं. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्रात फोटोच छापले, गुडघे टेकलेल्या खेळाडूंच्या घोळक्यातल्या त्याच प्रशिक्षकाचे. मी वकील नाही. पण त्या घोळक्यात एखादा माझ्या मुलासारखा असेल, हे मनातून जात नाही.

राहिला लोकमताच्या अपमानाचा मुद्दा. १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, झेंड्याला वंदन न करणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या मुलांना शाळेतून काढता येणार नाही असं याच न्यायालयाने सांगितलं. मूलभूत हक्क मतदानाला टाकायचे नसतात, हा त्या निकालाचा गाभा. आपल्याकडेही केरळात १९८५ मध्ये याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. ती उभी राहात, पण गात नसत. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं, आणि त्या निकालपत्रात १९४३ च्या अमेरिकन निकालाचाही आधार घेतला. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या शिक्षकावर तशी सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. आपल्या राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम तर अनुदानित शाळेतल्या धार्मिक उपासनेसाठी अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती मागतं. तेव्हा हा विचार मी अमेरिकेतून शिकून आलेला नाही.

आणि लाजेबद्दल. सर, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत साने गुरुजींची प्रार्थना म्हणताना माझा आवाज सगळ्यांत वर असायचा. आजही ती आठवली की गळा दाटतो. तिच्यात प्रेमालाच धर्म म्हटलं आहे, कुणीही म्हणावी अशी ती आहे. पण शनिवारी मारुतीचं स्तोत्र असायचं, सरस्वतीपूजनाला प्रत्येकीने फुलं आणायची असायची. माझ्या शेजारी उभी राहणारी मुलगी शनिवारी हात जोडायची आणि ओठ मिटून घ्यायची. सात वर्षं आम्ही एका रांगेत उभ्या होतो. ती का म्हणत नाही, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. माझा मुलगा त्या दिवशी जेवायला बसला तेव्हा मला तीच दिसली. संध्याकाळी दिवा लावल्यावर आमच्या घरी आजही शुभंकरोती होते, मुलगाही म्हणतो. लाज वाटते ती फक्त त्या न विचारलेल्या प्रश्नाची.

तुम्ही लिहिलंत की तीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही. तुमच्या शाळेतही अशी ओठ मिटून उभी राहणारी मुलं असतील. तुम्ही रोज सगळ्यांच्या समोर उभे असायचात, तिथून ती दिसत असणार. त्यांच्याशी तुम्ही कधी बोललात का? काय म्हणाली ती? ते तुमच्याकडून ऐकायला मला मनापासून आवडेल.