रात्रभर ओट्यावर पडलेला पास्ता

परवा माहेरी सकाळी चहा करायला उठले, तर ओट्यावर रोळीत अर्धा किलो उकडलेला पेने पास्ता आणि वर पंचा. "राहू दे तसाच. दुपारी बेक करायचाय. ग्रुपवर आलंय," आई आतून म्हणाली.

ग्रुपवर म्हणजे तोच मेसेज, ‘इटालियन आजीच्या बेक्ड पास्त्याची पाच गुपितं’. मला तो आठवड्यात तीन ठिकाणांहून आला आणि तिन्ही वेळा मी गप्प बसले. आता प्रकरण आमच्या ओट्यापर्यंत आलंय.

पहिलं गुपित म्हणे, पास्ता मार्को पोलोने चीनहून आणला. तो परतला १२९५ साली. अरब भूगोलकार अल्-इद्रिसीने ११५४ मध्येच लिहून ठेवलंय की सिसिलीत, पालेर्मोजवळच्या त्राबियात शेवयांसारखा पास्ता बनतो आणि जहाजं भरभरून बाहेर जातो. पुढे.

दुसरं, उकळत्या पाण्यात तेल घाला म्हणजे चिकटत नाही. तेल वर तरंगतं, पास्ता खाली असतो. पाणी भरपूर घ्या, मीठ घाला, पहिली दोन मिनिटं ढवळा. तेल लावायचंच तर गाळल्यावर.

तिसरं, ‘अस्सल’ व्हाइट सॉस क्रीम आणि चीज क्यूबचा. अस्सल व्हाइट सॉस तो बेशामेल, म्हणजे लोणी, मैदा, दूध आणि जायफळ. होय, श्रीखंडात घालतो तेच. चीज क्यूब आवडत असेल तर खुशाल घाला, फक्त इटलीतल्या आजीच्या नावावर खपवू नका.

चौथं, पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधीच गॅस बंद करा. हे बरोबर आहे. ओव्हनमध्ये तो सॉस पिऊन आणखी शिजतो. पाचात एक जमलं, ठीक.

आता पाचवं, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले: ‘पास्ता आदल्या रात्री उकडून बाहेरच ठेवा, छान सुकतो. जंतूंची भीती नको, ओव्हनच्या २०० अंशांत सगळे मरतात.’

बॅसिलस सेरियस नावाचा जंतू आहे. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही वाचतात, आणि पास्ता कोमट होऊन ओट्यावर बसला की रुजून वाढायला लागतात. वाढताना त्यातले काही जंतू विष सोडतात. जंतू नंतर भाजून मेले तरी विष तसंच राहतं. १२१ अंशांनाही ते नष्ट होत नाही. आणि ओव्हनचा काटा २०० वर असला तरी सॉसने ओल्या पास्त्याच्या आत शंभराच्या वर काही जात नाही.

ब्रसेल्समध्ये २००८ साली वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने उकडून पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी टोमॅटो सॉस घालून, गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात पोटदुखी, उलट्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणात मृत सापडला. २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल मायक्रोबायोलॉजी’त ही केस सविस्तर छापून आली. जंतू स्पॅगेटीत सापडला, सॉसमध्ये नाही.

पाच दिवस आणि एक रात्र यांत फरक आहे, मान्य. बहुतेकांचं उलट्या-जुलाबांवर निभावतं, तेही मान्य. पण आमच्याकडे मे महिना आहे आणि ते खाणाऱ्यांत चार वर्षांची भाची आहे.

आईचा मुद्दा तयारच होता. "मग रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतो, तो?" तिथेही हाच जंतू असतो, आई. तोही रात्री फ्रीजमध्येच जायला हवा. यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची चाळीस वर्षं कचऱ्यात टाकतेय.

आदल्या दिवशी उकडायचाच असेल तर गाळा, चमचाभर तेल चोळा, ताटात पसरून वाफ जाऊ द्या आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवा. एवढंच.

रोळीतला पास्ता मी टाकून दिला. दुपारी नवीन उकडला, तर आईने न बोलता जायफळ किसून पुढ्यात ठेवलं. मेसेज पाठवणाऱ्या काकूंना हे सगळं लिहून कळवलं. त्यांचा अंगठा आला, आणि त्याखाली लगेच तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे अकरा फायदे.