‘एक सोलापूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘द व्हाइट टायगर’ या अरविंद अडिगांच्या इंग्रजी कादंबरीवरच्या माझ्या लेखाखाली परवा ‘एक सोलापूरकर’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कादंबरीला बुकर पुरस्कार मिळाल्याचं साल मी चुकवलं. अरविंद अडिगा ऑक्सफर्डला शिकलेले, त्यांना बलरामसारख्या, म्हणजे कादंबरीच्या नायकासारख्या, बिहारी ड्रायव्हरचं मन काय कळणार. कादंबरीतला भ्रष्टाचार अतिरंजित आहे. हे सगळं मराठीत कधीच लिहून झालंय. आणि शेवटी: ‘पुस्तकातून गुलामी वाचणाऱ्यांनी आम्हाला नोकराचं दुःख शिकवू नये. एवढा त्रास होता तर बलरामने नोकरी सोडायची, कुणी बांधून ठेवलं होतं?’

साल चुकलं, मान्य. २००९ नव्हे, २००८. दुरुस्त केलंय, आभार. पण एवढी चूक दाखवायला ‘आधी वाचायला शिका’ म्हणायची गरज नव्हती. मी तुमच्याशी असं बोललो नसतो.

आता ते शेवटचं वाक्य. ते वाचल्यापासून दोन रात्री डोक्यातून जात नाही.

माझे वडील, अण्णा, सुताच्या एका व्यापाऱ्याकडे १९ वर्षं ड्रायव्हर होते. आई सोलापूरच्या पूर्व भागात घरी बसून बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हजार वळून कारखान्यात नेल्या की त्यातल्या मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचे. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या परतही मिळायच्या नाहीत. मी गुलामी पुस्तकातून वाचली असं कोणत्या आधारावर लिहिलंत?

शेठच्या घरी अण्णांचा कप वेगळा होता. मागच्या खिडकीच्या गजाला कानाने अडकवलेला, कडेला टवका उडालेला. चहा झाला की स्वतः विसळायचा आणि पुन्हा तिथेच अडकवायचा. मी सातवीत असताना शेठच्या धाकट्या मुलाने सात रस्त्याजवळ एका सायकलवाल्याला उडवलं. त्या माणसाचा पाय मोडला. अण्णा तेव्हा गाडीत नव्हतेच, पण संध्याकाळी त्यांना बोलावून सांगितलं की गाडी तू चालवत होतास. अण्णांनी सही केली. रात्री उशिरा ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आले आणि म्हणाले, ‘शेठनी लगेच सोडवलं बघ, देवमाणूस आहे.’ आईने सुपातून मान वर केली नाही. बॉक्स तीन दिवस तसाच पडून होता, शेवटी मुंग्या लागल्या.

कादंबरीत मालकाची बायको पिंकी मॅडम रात्री गाडीखाली मूल चिरडते आणि कबुलीजबाबावर सही बलरामची घेतात. पुढे तक्रारच कुणी करत नाही, म्हणून तो कागद लागत नाही. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. तुम्ही विचारता कुणी बांधून ठेवलं होतं. कुणीच नाही! दिल्लीच्या जामा मशिदीमागच्या बाजारातल्या कोंबड्यांच्या खुराड्याचं जे चित्र अडिगांनी काढलंय, ते याबद्दलच आहे. शेजारचा कोंबडा डोळ्यांदेखत कापला जातो, तरी बाकीचे उठत नाहीत. आणि जो नोकर उठेल त्याच्या घरादाराला मालक जिवंत ठेवणार नाही, हे त्या नोकराला ठाऊक असतं. अण्णांना तर तेवढी भीतीही नव्हती. त्यांना उपकार वाटत होते. माझ्या लेखात सांगायचं होतं ते हेच, आणि तुम्ही तेवढाच परिच्छेद सोडून बाकी सगळ्यावर लिहिलंत.

बलराम शेवटी मालकाचा खून करतो, त्याचं समर्थन मी कुठेही केलेलं नाही. पुन्हा वाचा.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. लेखक कुठे शिकला यावरून पुस्तक खरं की खोटं ठरत नाही. मराठीतलं म्हणाल, तर बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे कथांचं पुस्तक १९६३चं आहे, मी कॉलेजात असल्यापासून माझ्याकडे आहे. म्हणून नंतर कुणी लिहायचंच नाही? आणि पोरांच्या जेवणाचे, गणवेशाचे पैसे खाणारा कादंबरीतला मास्तर तुम्हाला अतिरंजित वाटतो. माझ्या शाळेत गणवेशाच्या कापडावर आमच्या सह्या घेतल्या होत्या, कापड मात्र आलं नाही. सह्या करणाऱ्यांत मी होतो.

टीका करा, मी ती काढून टाकत नाही, तुमचीही तशीच ठेवली आहे. पण टोपणनावाआडून माझ्या आईबापाच्या कष्टाला ‘पुस्तकी’ म्हणू नका. अण्णांनी नोकरी कधी सोडली, तेही सांगतो: शेठने गाडी विकली तेव्हा. पुढच्या वेळी नावानिशी लिहा, म्हणजे मलाही कळेल कुणाशी बोलतोय.