मोबाईल काढून घेतला की पोरं वाचायला लागतात म्हणे!

शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. मोबाईलने पोरांचं वाचन संपवलं, तो काढून घ्या, आणि आठवीपर्यंत ज्याला वाचता आलं नाही त्याला पुढे कधीच येत नाही, वाचन बघायचं काम मराठीच्या बाईंचं वगैरे. मी हायस्कूललाच शिकवतो, राहवलं नाही.

आधी मोबाईल. 'असर' म्हणजे 'प्रथम' संस्था पोरांचं वाचन-गणित तपासते, त्या ग्रामीण सर्वेक्षणात दुसरीचा उतारा वाचू शकणारी आठवीची मुलं देशभरात 2010 ला 80 टक्क्यांच्या वर होती, 2014 ला 75 च्या आसपास आली. जिओ आलं सप्टेंबर 2016 ला! म्हणजे स्वस्त डेटा यायच्या आधीच घसरगुंडी सुरू झालेली. फोन वेळ खातो हे मान्य, पण जोडाक्षर दिसलं की जो अडखळतो त्याच्याकडून फोन काढून घेतला तर तो पुस्तक उघडणार नाहीये, ग्राउंडवर जाईल.

आठवीनंतर होत नाही हे जास्त घातक, कारण ते वाचून आमच्यातलेच लोक हात वर करतात. असर 2023 मध्ये 14 ते 18 वयातल्या साधारण 25 टक्के मुलांना स्वतःच्या भाषेत दुसरीचा उतारा नीट वाचता आला नाही, मग यांना काय सोडून द्यायचं? अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2008 मध्ये खास याच वयासाठी गाइड काढलं, त्यात शब्द थेट शिकवा, उतारा कसा समजून घ्यायचा ते शिकवा, त्यावर चर्चा करा, फार मागे असलेल्यांवर वेगळी मेहनत घ्या असंच सांगितलंय, वय गेलं असं नाही.

आणि मराठीच्या बाई? दहावीच्या विज्ञानातला 'अपवर्तनांक' त्यांनी का वाचून घ्यायचा? विज्ञानाच्या सरांनी धड्याआधी पाच शब्द फळ्यावर लिहून पोरांकडून मोठ्याने म्हणून घ्यावेत, परिच्छेद झाला की थांबून "आत्ता काय सांगितलं रे?" विचारावं, दहा मिनिटांचं काम आहे. (15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा फोटो काढायला तेवढा वेळ बरोबर मिळतो, पुस्तक उलटं धरलेलं असलं तरी चालतं.)

फक्त पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात चिऊ-काऊची गोष्ट देऊ नका. त्याला कालच्या मॅचची बातमी द्या, जोडीदाराबरोबर तीच दोन-तीनदा मोठ्याने वाचू दे. सगळ्यांसमोर तिसरीचं पुस्तक दिलं की वर्ग हसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखतं.