'र'चा आलेख आणि मामांचा फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "तुझ्या लाइनचं आहे, बघ जरा." मी मुलांच्या उच्चारांवर काम करणारी स्पीच थेरपिस्ट. दोन दिवसांत तोच मेसेज तीन पालकांकडूनही आला. त्यातल्या एकांनी तर विचारलं, "मग पुढची सेशन्स थांबवायची का?" आता अंगठा दाखवून सुटका नव्हती.

मेसेज थोडक्यात असा: "मूल बोबडं, तोतरं बोलतं? घाबरू नका, वय वाढलं की आपोआप सुधारतं. नाहीच सुधारलं तर जिभेखालचा पडदा कापून घ्या, वेखंड मधातून चाटवा. हल्ली ऑनलाइन थेरपीवाले स्क्रीनवर रंगीत आलेख नाचवून हजारो रुपये उकळतात. आलेख बघून कुणी बोलायला शिकलंय का? फोनवर 'स' आणि 'श' धड कळत नाही, तर समोरचा शिकवणार काय? आणि ॲपच सगळं दाखवतं तर थेरपिस्ट कशाला हवा? घरात दोन भाषा बोलणं बंद करा, निम्मा प्रश्न मिटेल. दहा जणांना पाठवा."

मामा, दहा जणांना पाठवायच्या आधी चहा घेऊन बसा आणि हे वाचा. आणि आधी एक गोष्ट: तोतरं म्हणजे अडखळत बोलणं, बोबडं म्हणजे एका आवाजाच्या जागी दुसरा काढणं. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. इथे बोलतेय ती बोबड्याबद्दल.

"वय वाढलं की आपोआप सुधारतं." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त त्रास देतं. चार वर्षांचं मूल 'रवी'ला 'लवी' म्हणत असेल तर मी बहुतेक वेळा पालकांना धीर देऊन घरी पाठवते. २०१८ साली २७ भाषांमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मुलं बहुतेक व्यंजनं पाचव्या वर्षापर्यंत कमावतात, काही अवघड आवाज मागे रेंगाळतात. पण आठव्या-नवव्या वर्षानंतरही चूक तशीच असेल, तर ती मुरलेली असते. जिभेने तोच चुकीचा रस्ता हजारो वेळा गिरवलेला असतो. काहींचं त्यानंतरही सुधारतं, नाही असं नाही. मात्र कुणाचं सुधारेल हे आधी सांगता येत नाही, आणि तोवर वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की पाचवीतल्या मुलाच्या पोटात दुखायला लागतं.

पडद्याचं बघू. काही मुलांचा जिभेखालचा पडदा खरोखर आखूड असतो, आणि तो तपासूनच ठरवायचा असतो. पण जे मूल 'र'च्या जागी 'ल' म्हणतं, त्याची जीभ वर टेकते हे त्या 'ल'नेच सिद्ध केलेलं असतं. मग कापायचं काय? वेखंडाबद्दल एवढंच सांगते की अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे, कारण त्यातल्या एका घटकामुळे प्रयोगातल्या उंदरांना कर्करोगाच्या गाठी झाल्या. लोकरीच्या कपड्यांत ठेवा, कसर लागणार नाही.

आता "आलेख बघून कुणी बोलायला शिकलंय का?" या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण प्रश्न रास्त आहे. आपण सगळे कानांनीच शिकलो. मग याच मुलाला का जमू नये?

तीन वर्षांचं मूल "लस्ता" म्हणतं. आपण गंमत म्हणून "लस्ता?" असं विचारलं की ते चिडतं, "लस्ता नाही, लस्ता!" दुसऱ्याच्या तोंडची चूक त्याला पकडता येते, स्वतःची नाही. ज्यांची चूक मोठेपणी टिकून राहते, अशा बऱ्याच मुलांमध्ये याचा अंश उरलेला असतो. त्यांची श्रवणचाचणी आपण आधी करून घेतो, ती व्यवस्थित येते. तरी स्वतःच्या 'र'मध्ये काय कमी आहे ते त्यांना ऐकू येत नाही. अशा मुलाला "नीट ऐक आणि म्हण" सांगून आई थकते, मूल तिच्याही आधी थकतं. शिवाय 'प' म्हणताना ओठ आरशात दिसतात, 'र'च्या वेळी जीभ कुठे आहे ते आरसा दाखवत नाही.

म्हणून आवाजाचंच चित्र काढायचं. आवाजाचं विश्लेषण केलं की त्यात काही शिखरं दिसतात, म्हणजे आवाजाचा जोर जिथे जास्त असतो त्या जागा; खालच्या सुराकडून वरच्या सुराकडे त्यांना पहिलं, दुसरं, तिसरं असं मोजतात. तोंडातल्या पोकळीचा आकार बदलला की ती सरकतात. अमेरिकी इंग्रजीतला 'र' घ्या. त्यात जीभ कुठे आपटत नाही. कुणी तिचं टोक उचलतं, कुणी तिचा गोळा करतं, पण दोन्हींत तिसरं शिखर खाली उतरून दुसऱ्याच्या जवळ येतं. मूल 'रॅबिट'ला 'वॅबिट' म्हणत असेल तर ते तिसरं शिखर वरच लटकत राहतं. थेरपिस्ट स्क्रीनवर एक रेष आखते आणि म्हणते, शिखर इथपर्यंत आण. मूल धडपडतं, जीभ मागे नेतं, पुढे आणतं, आणि एका क्षणी शिखर सरकतं. "आत्ता काय केलंस? तसंच पुन्हा कर." माझ्या मते सगळी थेरपी त्या "पुन्हा"मध्ये आहे, आलेख फक्त तो क्षण हाताशी आणून देतो.

ही कल्पना कालपरवाची नाही. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांच्या वडिलांनी १८६७ साली जीभ-ओठांच्या ठेवणीची चिन्हं प्रसिद्ध केली होती, आणि ग्रॅहम बेल बॉस्टनमध्ये कर्णबधिर मुलांना तीच चिन्हं दाखवून बोलायला शिकवत. १९८५ साली हनुवटीखाली अल्ट्रासाऊंड लावून जीभ थेट पडद्यावर दाखवण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अलीकडे न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 'स्टार्ट' नावाचं ॲप केलं, त्यात ही शिखरं लाटेसारखी दिसतात. अल्ट्रासाऊंडला यंत्र लागतं, लाटेला साधा माइक पुरतो. म्हणून ऑनलाइन थेरपीत बहुतेक लाटच असते.

यात मर्यादा आहेत आणि त्या मेसेजवाल्यापेक्षा आम्हालाच जास्त छळतात. जी मुलं एरवी जागची हलत नाहीत, त्यांना आलेखामुळे सुरुवातीला वेग मिळतो. पण 'र' एकदा जमणं आणि मित्राशी भांडताना तो तोंडात येणं, यात बरंच अंतर आहे. काही मुलांना आलेखाचा वेगळा फायदा दिसतही नाही. आणि मूल सतत स्क्रीनकडेच बघत राहिलं, तर ऐकायचं सोडून देतं. म्हणून आवाज स्थिरावायला लागला की मी आईला सांगते, आलेखावर वहीचं पान चिकटवा. मूल आधी म्हणतं, बरोबर की चूक ते स्वतः सांगतं, मग पान उचलून बघायचं. पानाखालचं उत्तर त्याच्या उत्तराशी जुळायला लागलं की आलेखाचं काम संपत आलं.

आणि मराठी 'र'चं काय? इथे मामांच्या शंकेत तथ्य आहे. आपल्या 'र'मध्ये जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर क्षणभर आपटतं, सेकंदाच्या दोन-तीन शतांश भागाइतकंच. चित्रात ती एक बारीक खाच दिसते. 'ल' म्हटलं की खाचेच्या जागी लांबट सपाट पट्टा येतो. अमेरिकी 'र'साठी केलेलं ॲप मराठी 'र'ला लावून कुणी "तिसरं शिखर खाली आण" म्हणत असेल, तर तो पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवतोय. मी मराठीसाठी ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं 'प्राट' नावाचं आवाजाच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, त्यात लाट नाही की चांदणी नाही, पण खाच स्वच्छ दिसते. मुलांनी तिला 'उंदराने कुरतडलेलं' असं नाव दिलंय.

"फोनवर 'स' आणि 'श' धड कळत नाही." बरोबर आहे, कळत नाही. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जायचा आणि 'स'चा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणून तर आपण "स, सोलापूरचा स" असं ओरडून सांगायचो. व्हिडिओ कॉलवर वेगळीच अडचण असते. मागचा गोंगाट काढून टाकणाऱ्या यंत्रणेला 'स' म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ती त्याला कापून टाकते. पहिल्या लॉकडाऊनमध्ये एका मुलीचा 'स' मला तीन सेशन्स चुकीचाच ऐकू येत होता. नंतर कळलं, मुलीचा 'स' उत्तम होता, खोट सेटिंगमध्ये होती.

पण यातून निघणारा निष्कर्ष मेसेजवाल्याने उलटा काढला. आलेख असतो तो याचसाठी. आवाजाचं विश्लेषण मुलाच्याच घरी, त्याच्याच लॅपटॉपवर होतं, कॉलमधून चाळून निघण्याच्या आधी. माझ्याकडे येतं ते स्क्रीन शेअर केलेलं चित्र. कान फसला तरी चित्रात 'स'चा जोर वर आणि 'श'चा खाली स्पष्ट दिसतो. त्याशिवाय आवाज मूळ स्वरूपात जाऊ देण्याचा पर्याय कॉलमध्ये चालू करायचा, तोंडापासून वीतभर अंतरावर वायरचा माइक धरायचा, आणि शंका असेल तिथे घरीच रेकॉर्ड करून फाइल पाठवायची. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने दूरस्थ उपचार ही रीतसर पद्धत म्हणून २००५ सालीच मान्य केली, तेव्हा बहुतेकांकडे व्हिडिओ कॉलसुद्धा नव्हता.

"ॲपच सगळं दाखवतं तर थेरपिस्ट कशाला?" कारण मुलं हुशार असतात. ओठांचा चंबू केला तरी तिसरं शिखर खाली सरकतं! एका पठ्ठ्याने जीभ न हलवता नुसत्या चंबूवर पाच मिनिटं ॲपकडून शाबासकी मिळवली होती. दुसरं म्हणजे मुलांचा आवाज पातळ असतो, त्यात शिखरं नेमकी कुठे आहेत हे संगणकालाही नीट सापडत नाही. तो कधी भलत्याच टेकडीला शिखर समजतो. कोणता शब्द आधी घ्यायचा, कधी पान चिकटवायचं, कधी आजचा दिवस सोडून द्यायचा, हे कळायला समोर माणूस लागतो. तो माणूस पारखून घ्या. १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असायला हवी. नोंदणी क्रमांक मागा, मागायला लाजू नका. "२१ दिवसांत हमखास" म्हणणाऱ्याच्या बाबतीत मी पूर्णपणे मेसेजवाल्याच्या बाजूने आहे.

राहिलं "घरात दोन भाषा बंद करा." याचा मला खरा राग आला. दोन भाषांमुळे उच्चारदोष होत नाही. भाषा आणि बोलीतले फरक मात्र दोष म्हणून माझ्या टेबलावर येतात. मूल 'पानी' म्हणतं म्हणून एक ताई त्याला घेऊन आल्या होत्या. त्याची आजी 'पानी' म्हणते, गाव 'पानी' म्हणतं. त्याच्या जिभेला काहीही झालेलं नाही, आणि मी त्यावर एक रुपयाही घेतला नाही.

ज्यांनी "सेशन्स थांबवायची का?" असं विचारलं ते पालक न्यू जर्सीत राहतात. मुलगा १० वर्षांचा, इंग्रजीतला 'र' येत नाही, आणि शेजारच्यांनी सांगितलं होतं की मराठी बंद करा. मी पहिल्या दिवशी त्याच्याकडून मराठीत "रविवारी घरी राहा" म्हणवून घेतलं. तीन-चार खाचा, एकदम स्वच्छ. हे दोन आवाज वेगळे, जिभेची चाल वेगळी. एक येतो म्हणून दुसरा येत नाही आणि एकामुळे दुसरा बिघडत नाही. 'र'चं काम तिथला थेरपिस्ट करतो. मी त्याच्या आजीशी दर शनिवारी बोलते, कारण मराठी बंद होण्याची सगळ्यात जास्त धास्ती तिलाच होती. परवा तिने सांगितलं, 'कार' आणि 'रेड' आता वहीच्या पानाशिवाय येतात, 'गर्ल' अजून येत नाही. सेशन्स चालू आहेत.